बाईसाहेबांची मुकी मोटार

मोटारीनं पहिल्यांदा मान हलवली ती बेकरीच्या वळणावर.

टेकडीवरच्या बंगल्यापासून रस्ता सलग खाली उतरतो, आणि अर्ध्यावर, जिथे पावाचा वास भिंतीबाहेर येऊन रस्त्यात उभा राहतो, तिथे तो एकदम डावीकडे वळतो. ड्रायव्हरनं नेहमीसारखा वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबला. पाय आत गेला, आणखी आत गेला, आणि मग हातातलं चाक डावं-उजवं, डावं-उजवं करायला लागलं. औषधाचा चमचा पुढे केला की हट्टी म्हातारी मान हलवते ना, अगदी तसं. पुढचे मोठे पितळी दिवे थरथरले, काचा खुळखुळल्या, बॉनेट दातावर दात आपटल्यासारखं वाजायला लागलं. ड्रायव्हरनं चाक आवळून धरलं, हँडब्रेक ओढला आणि देवाचं नाव घेतलं. तिन्हींपैकी कशामुळे ते देवच जाणे, पण गाडी वळली.

त्या मोटारीत मागची बैठक आणि पुढची बैठक यांच्यामध्ये जाड काच होती. काचेतून एक नळी पुढे आली होती, रेशमी विणीत गुंडाळलेली. तिचं एक तोंड बाईसाहेबांच्या हाताशी, दुसरं ड्रायव्हरच्या कानाशी. बाईसाहेब बोलायच्या, ड्रायव्हर ऐकायचा. उलट बोलायची सोय नळीत होती, घरात नव्हती.

"ड्रायव्हर," नळी म्हणाली, "हात थरथरतात का तुझे?"

ड्रायव्हरनं चाक आणखी घट्ट धरलं.

बंगल्यात परत आल्यावर बाईसाहेब उतरल्या, काठी टेकवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेबांच्या स्मरणाचं प्रवचन झालं की मी दुसरा माणूस बघते. वय झालं की हात जायचेच. तुझा दोष नाही. गॅरेजवरच्या खोल्या मात्र रिकाम्या लागतील."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

बाईसाहेब दुष्ट होत्या असं कुणी म्हणू नये. खालच्या प्रार्थनागृहाचं छप्पर त्यांनी घालून दिलं होतं. दर वर्षी नवऱ्याच्या स्मरणार्थ तिथे त्या प्रवचन ठेवत, गाऊन सांगायचं प्रवचन. बुवा पेटी घेऊन बसत, गोष्ट सांगता सांगता गायला लागत, गाता गाता पुन्हा गोष्टीवर येत, आणि ध्रुवपद आलं की सगळं गाव ते उचलून धरी. पण काही वर्षांमागे एक गोष्ट घडली. बुवा अगदी हळव्या जागी आले होते. हरवलेल्या लेकराला आई हाका मारते आहे, हाक ऐकू येईल न येईल इतकी बारीक झाली आहे, सभागृहात कुणी श्वाससुद्धा मोठा घेत नाही, आणि तेवढ्यात दाराशी बाईसाहेबांची मोटार थांबली. थांबताना ब्रेक असे किंचाळले की पहिल्या रांगेतल्या म्हातारबांच्या हातून चष्मा पडला. सगळ्या माना वळल्या. आणि समोरच्या बंगल्यातल्या शेजारीणबाई, ज्यांच्याशी बाईसाहेबांचं हसून बोलणं होतं आणि म्हणून मैत्री नव्हती, त्या रुमालाआडून एवढंच म्हणाल्या, "आल्या."

एकच शब्द. पण तो बाईसाहेबांना असा लागला की त्यांनी आवाजाशीच वैर धरलं. बिजागऱ्यांना तेल गेलं. नोकरांच्या पायांत नमद्याचे, लोकरी आणि मऊ, जोडे आले. दिवाणखान्यातल्या घड्याळाचा टोला काढून टाकला, आता ते नुसतं काटे फिरवत उभं असे, चोरी पकडल्यासारखं. बाईसाहेबांनी स्वतःच्या काठीलाही रबरी टोपी बसवून घेतली. आणि मोटार ज्या कंपनीची होती तिच्या शहरातल्या इंजिनिअरकडे ती धाडून निरोप दिला, की हिचा आवाज बंद कर. त्यानं केला. तेव्हापासून ती गाडी मांजरासारखी चालत असे. शेजारीणबाईंच्या मोटारीचे ब्रेक ओरडले की बाईसाहेब खिडकीत येऊन उभ्या राहत.

ड्रायव्हर त्या घरात इतका कमी बोलत असे की नवीन आलेल्या आचाऱ्यानं त्याला खुणा करून जेवायला बोलावलं होतं. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी प्रार्थनागृहाच्या शेवटच्या रांगेत बसला की बुवांची पेटी झाकोळून जाई. गावात त्याला नगारा म्हणत. बुवाच म्हणायचे, "नगारा आला का बघा, मग ध्रुवपद सुरू करू. तो नसला की छप्पर वर जात नाही."

ड्रायव्हर गॅरेजवरच्या खोलीत गेला. बायको बंगल्याच्या चादरींना इस्त्री करत होती. त्यानं झालेलं सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"कुणाचे हात थरथरतात?"

"माझे. म्हणे."

"आणा इकडे."

तिनं काठोकाठ भरलेला चहाचा कप त्याच्या तळहातावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कप जागचा हलला नाही.

"सांडला?"

"नाही."

"काल माझ्या सुईत दोरा कुणी ओवला? बाईसाहेबांनी?"

"अगं, मला काय सांगतेस?"

"मग त्यांना सांगा."

"तिथे सांगायची पद्धत नाही."

"पद्धत! पद्धतीच्या डोक्यावर छप्पर आहे, आपल्या डोक्यावरचं चाललंय." तिनं कप त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. "तुमचे हात धड आहेत म्हणजे थरथरते ती मोटार. माझ्या भावाकडे न्या तिला."

"तुझ्या भावानं माझ्या सायकलची पेडलं उलटी बसवली होती."

"ते आपल्या लग्नाआधीचं! तुम्ही तेच धरून बसा अजून."

मेहुण्याचं गॅरेज उताराच्या तळाशी होतं. एक खड्डा, एक जॅक, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पाने, आणि एका कोपऱ्यात कधीच दुरुस्त न होणारी एक मोटरसायकल. बाईसाहेब विश्रांती घेत असताना ड्रायव्हर गाडी पहिल्या गिअरमध्ये कुथवत कुथवत खाली घेऊन आला. मेहुणा हात पुसत बाहेर आला.

"या दाजी! ही राणी आत घ्यायची म्हणजे मला भिंत पाडावी लागणार."

"थट्टा नंतर. ही मान हलवते."

"कोण, ताई?"

"मोटार!"

मेहुण्यानं ऐकून घेतलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ठामपणे म्हणाला, "चाक." पुढची चाकं जॅकवर उचलली. एका बोटानं फिरवून सोडलं की डावं चाक दर वेळी एकाच जागी येऊन थांबे, म्हणजे त्या बाजूला जड होतं. समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा तारेनं बांधला. आता चाक कुठेही थांबू लागलं. मेहुणा खूश झाला. दोघं गाडी घेऊन निघाले.

आता वेग किती हे कसं समजायचं? वेगाचा काटा होता, पण गाडी थरथरली की तोही तिच्याबरोबर नाचे. ड्रायव्हरचं स्वतःचं माप होतं. तो ध्रुवपद गुणगुणायचा, बुवा ज्या लयीत घेतात त्या लयीत. ओळ संपते तोवर दिव्याचा एक खांब मागे गेला की ही चाल बाईसाहेबांची. खांब आधी गेला तर वेग जास्त. इतकी वर्षं तो असाच गाडी हाकत आला होता, ओठ न हलवता.

आज काचेमागे कुणी नव्हतं. त्यानं मोठ्यानं म्हटलं. सपाट रस्त्यावर संथ लयीत गेले, गाडी शांत. बुवा शेवटी शेवटी लय चढवतात तशी चढवली, खांब भराभरा मागे पडले, तरी गाडी शांत. मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. "बघा! चाकच होतं."

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मोटारीनं मान हलवली.

"चाक नव्हतं," मेहुणा म्हणाला.

मग त्याला वाटलं पुढचा सांधा, जिथे चाक वळतं तिथली खीळ झिजली असेल. गाडी पुन्हा वर, खीळ तपासली, धड निघाली. मग वाटलं पाट्यांचे बोल्ट. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट खरंच थोडे सैल होते. तेही आवळले. पुन्हा रस्ता, पुन्हा ध्रुवपद, पुन्हा ब्रेक, आणि पुन्हा तीच मान. बेकरीच्या वळणापर्यंत इतक्या फेऱ्या झाल्या की बेकरीवाला आता त्यांना ओळखायला लागला होता. ते दिसले की हात वर करायचा.

मेहुणा गाडीतून उतरला, दगडावर बसला आणि म्हणाला, "दाजी, रागावू नका. पण आता उरले तुमचे हातच."

ड्रायव्हरचा चेहरा असा झाला की मेहुण्याला बोललेलं परत गिळावंसं वाटलं. ड्रायव्हरनं स्टीअरिंगकडे बोट केलं. "बस तिथे. तू चालव."

मेहुण्यानं चालवली. ब्रेक दाबला. स्टीअरिंग त्याच्या हातात असं पिसाळलं की त्याची टोपी मांडीत पडली. गाडी थांबल्यावर त्यानं दोन्ही हात समोर धरून पाहिले.

"आता माझेही थरथरतात. घराण्यातच दिसतंय हे."

"आपलं रक्ताचं नातं नाही."

"मग गाडीचंच खरं." तो हसला नाही. "थरथर ब्रेक दाबल्यावरच येते, वेग कितीही असो. मी मूर्खासारखा चाक, खीळ, पाटे करत बसलो. आधी ब्रेकच उघडायला हवे होते."

पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम ओढून काढला. आतले ब्रेकचे पट्टे काळे, मऊ आणि ओले होते, बोट दाबलं तर ठसा उठत होता. उजवा उघडला. तिथेही तसेच मऊ पट्टे, पण कोरडे.

"हे पट्टे कुणी बसवले?"

"कंपनीच्या इंजिनिअरनं. आवाज बंद व्हावा म्हणून."

"मऊ आहेत म्हणून ओरडत नाहीत, आणि मऊ आहेत म्हणून धरत नाहीत. उतारावर तापले की लोणी होत असेल यांचं. पण डाव्यात तेल कुठून आलं?"

मेहुण्यानं तेलाचा माग वर काढला. ड्रमच्या वर, पाट्यांना धरून ठेवणाऱ्या चकत्या होत्या. पाटे उसळले की या चकत्या एकमेकींवर घासून त्यांना आवरतात. त्या चकत्या तेलानं न्हाल्या होत्या, आणि डावीकडून तेल ओघळून थेट ब्रेकमध्ये उतरलं होतं.

"तेल मी घालतो," ड्रायव्हर म्हणाला. "दर आठवड्याला. डावीकडे जरा जास्तच. त्या बाजूला खड्डे फार, तिथल्या चकत्या जास्त कुरकुरायच्या."

"दाजी! कुरकुरायलाच ठेवल्यात त्या तिथे!"

"बाईसाहेबांना कुरकुर ऐकू यायची."

मेहुणा हळूच म्हणाला, जणू घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलतोय असं, "म्हणजे डावा ब्रेक घसरतो, उजवा पकडतो, गाडीला झटका बसतो. झटका आवरायचा तो चकत्यांनी, तर त्यांना तुम्ही तेल पाजून झोपवलंय. मग ती मान हलवेल नाही तर काय करेल? तिच्याजवळ नाही म्हणायला दुसरं उरलंय काय?"

चकत्या सोडवून पेट्रोलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या, कोरड्याच आवळल्या. ड्रम घासून पुसले. पुढच्या दोन्ही चाकांना कडक पट्टे रिव्हेट ठोकून बसवले. मग दोन्ही चाकं हवेत उचलून मेहुण्यानं ती फिरवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "पाय नुसता टेकवा." उजवं थांबलं, डावं फिरतच राहिलं. डाव्या ब्रेकला ओढणारी काडी थोडी आवळली. पुन्हा फिरवली. आता डावं आधी. सैल केली. असं करता करता एकदा दोन्ही चाकं अशी एकदम थांबली की मेहुण्यानं पाना खाली ठेवला.

"सम," ड्रायव्हर म्हणाला.

बेकरीच्या रस्त्यावर त्यानं चढती लय घेतली, खांब मागे टाकले आणि ब्रेक दाबला. हातातलं चाक देवळाच्या खांबासारखं स्थिर राहिलं. गाडी जागच्या जागी रोवली गेली. आणि तिनं अशी काही किंकाळी फोडली की बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत बाहेर आला.

ड्रायव्हर हसायला लागला. ध्रुवपदाची ओळ अर्धी टाकून, स्टीअरिंगवर कपाळ टेकवून हसला.

"आवाज घालवता येतो हं," मेहुणा कानांवरचे हात काढत म्हणाला. "मऊ पट्टे परत बसवा, तेल घाला, आणि वळणावर देवाचं नाव घ्या. सपाट गावात चालून जाईल. पण या उतारावर दोन्ही मिळणार नाही. एक काय ते निवडा."

बंगल्याच्या पायरीशी गाडी थांबली तेव्हा आत कुठेतरी बशी फुटली. बाईसाहेब बाहेर आल्या. ओठ पांढरे झाले होते.

"हे काय?"

ड्रायव्हरनं टोपी काढली आणि सांगितलं. पट्टे, तेल, चकत्या, स्वतःची चूक, सगळं. त्या घरात तो इतका सलग कधीच बोलला नव्हता. बाईसाहेबांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझे हात धड आहेत."

"आहेत."

"ठीक. मग खोल्या सोडायची गरज नाही. कंपनीचा माणूस बोलावते, तो सगळं पूर्वीसारखं करेल. तू हळू चालव. प्रवचनाला मी आवाज न करता पोचले पाहिजे."

छप्पर परत मिळालं होतं. फक्त मान डोलवायची होती. आचारी खिडकीतून बघत होता, आणि गॅरेजच्या जिन्यावर बायको ओली चादर हातात धरून उभी होती, पिळायची विसरली होती.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला.

बाईसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू दुसरंच कुणी बोललं असावं.

"कोण म्हणालं?"

"मी. ब्रेक न लागणारी मोटार मी या उतारावर नेणार नाही. तुम्हाला आत बसवून तर नाहीच नाही. हात थरथरतात म्हणून मला काढणार होतात, ते खोटं होतं. आता नाही म्हणतो म्हणून काढा. ते निदान खरं असेल."

तो जिना चढून वर गेला. मागे बायको.

"बोललात एकदाचे," ती म्हणाली. "तुम्हाला एवढी वर्षं लागली. मला ट्रंक भरायला एक दुपार पुरेल." आणि डोळे पुसत तिनं ट्रंक पलंगाखालून ओढली. ओढताना फरशीवर होईल तेवढा आवाज केला.

प्रवचनाच्या दिवशी दुपारी इंजिनिअर मऊ पट्ट्यांची पेटी घेऊन आला. चांगला माणूस होता, चष्मा पुसायची सवय असलेला. बाईसाहेब नेसून-सवरून पायरीवर उभ्या होत्या. जिन्याखाली ट्रंक ठेवली होती आणि ट्रंकेवर ड्रायव्हरची बायको हाताची घडी घालून बसली होती, स्टेशनावर गाडीची वाट बघत बसावं तशी. ड्रायव्हर मोटारीशेजारी उभा होता.

"मी अडवत नाही," तो इंजिनिअरला म्हणाला. "बसवा. फक्त बसवून झाले की ड्रायव्हरच्या जागी तुम्ही बसा आणि बाईसाहेबांना खाली न्या. मी चालत येतो. बेकरीच्या वळणावर भेटू."

इंजिनिअर फाटकापर्यंत गेला. तिथून रस्ता खाली जाताना दिसतो. तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग परत आला, चष्मा पुसला आणि पेटीची कडी लावली.

"बाईसाहेब, मला सांगितलं होतं की ही गाडी शहरात असते. सपाट रस्त्यावर. गेल्या वेळी मी तिकडच्या गॅरेजमध्येच काम केलं. हा उतार मी आज पाहतोय."

"मग?"

"मग मी हे पट्टे बसवणार नाही. आणि बसवले तर चालवणार नाही."

एका दारात दोन नकार. बाईसाहेबांची काठी जमिनीवर आपटली, पण रबरी टोपीमुळे नुसतंच बद्द झालं.

तेवढ्यात समोरच्या फाटकातून शेजारीणबाईंची मोटार बाहेर आली. "अगंबाई, अजून इथेच?" त्यांनी खिडकीतून गोड आवाजात विचारलं. "गाडी बिघडली वाटतं? या ना माझ्याबरोबर. जागा आहे हो, संकोच करू नका."

बाईसाहेबांनी त्या मोटारीतल्या मऊ गादीकडे पाहिलं. मग मागे दारातून दिसणाऱ्या टोला नसलेल्या घड्याळाकडे. खाली बुवांनी पेटी उघडली असेल. ज्या माणसाच्या स्मरणासाठी हे सगळं, त्या माणसाला उशिरा यायची चीड होती.

"माझी गाडी आहे," त्या म्हणाल्या. शेजारीणबाई गेल्या. बाईसाहेब स्वतःच्या हातानं दार उघडून आत बसल्या आणि नळी उचलली. "चल."

ड्रायव्हर जागेवर बसला. कानाशी लटकणारं नळीचं तोंड त्यानं हातात घेतलं, उलटं फिरवलं आणि ओठांशी नेलं. त्या नळीतून आवाज पहिल्यांदाच मागे गेला, आणि तो नगाऱ्याचा आवाज होता. बाईसाहेबांनी नळी झटकन कानापासून लांब धरली.

"बाईसाहेब, ब्रेक ओरडतील."

"रस्त्यात ओरडू देत," नळी म्हणाली. "दाराशी नको."

"थांबायचं दाराशीच असतं, बाईसाहेब."

मागे नळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

गाडी निघाली. बेकरीच्या वळणावर दूधवाल्याचा घोडा रस्त्याच्या मधोमध आडवा उभा होता. त्याला पावाचा वास आवडायचा आणि दूधवाला लगाम ओढून ओढून दमला होता. ड्रायव्हरनं पाय टाकला. किंकाळी टेकडीवर आपटून परत आली. बाईसाहेबांच्या मांडीवरची फुलं घसरून पायाशी पडली. घोड्यानं डोळे मोठे करून मोटारीकडे पाहिलं. त्याच्या पोटात आणि दिव्यांच्या पितळेत एक माणूस आडवा उभा राहील इतकीच जागा होती.

मागे काच खुळखुळली नाही. स्टीअरिंगनं मान हलवली नाही. ड्रायव्हरचे हात चाकावर होते, आणि बाईसाहेब काचेतून त्या हातांकडेच बघत होत्या. घोडा बाजूला झाल्यावरही बघत होत्या.

प्रार्थनागृहात बुवा नेमके आईच्या हाकेशी आले होते. देवाची करणी म्हणा नाही तर उशीर झाल्याचा हिशेब म्हणा. हाक बारीक झाली, आणखी बारीक झाली, श्वास थांबले, आणि मोटार दाराशी थांबली.

सगळ्या माना वळल्या. बुवांची बोटं पेटीवर तशीच राहिली. पहिल्या रांगेतल्या म्हातारबांनी या वेळी चष्मा आधीच घट्ट धरला होता. बाईसाहेब दारात आल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. शेजारीणबाईंनी रुमाल तोंडाशी नेला.

"गाडीला काय झालंय हो तुमच्या?"

"काही नाही," बाईसाहेब म्हणाल्या. हळू म्हणाल्या नाहीत. "थांबते."

आणि मधल्या वाटेनं सगळ्यांच्या नजरांमधून चालत त्या पुढे गेल्या.

सभागृह अजून गोंधळलेलं होतं. बुवांना धागा सापडेना. तेव्हा शेवटच्या रांगेतून, मोटारीच्या तेलानं काळी झालेली बोटं मांडीवर ठेवून, नगारा वाजला. त्यानं ध्रुवपद पूर्ण गळ्यानं उचललं. आता लय त्याची होती. पेटी मागून आली, मग पहिली रांग, मग सगळं छप्पर. पहिल्या रांगेत बाईसाहेबांनी काठीनं ताल धरला. बद्द, बद्द. दोन ओळी गेल्यावर त्यांनी काठी उलटी केली, आणि चांदीची मूठ फरशीवर ठण्णकन आपटली.

प्रवचन संपलं, गाडी बंगल्यावर परत आली. पायरीशी उतरल्यावर बाईसाहेब थांबल्या.

"सकाळी गाडी दाराशी आणा, ड्रायव्हर. बाजारात जायचंय." त्या आणा म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे त्यानं प्रथमच ऐकलं. क्षमा त्यांनी मागितली नाही, आणि त्यानंही ती मागायला लावली नाही. "आणि त्या चकत्या का काय त्या, त्यांना पुन्हा तेल घालू नका."

वर खोलीत बायकोनं ट्रंक एकटीनंच चढवून आणली होती. ती कडी सोडायला वाकली.

"काढू ना कपडे बाहेर?"

ड्रायव्हरनं टोपी खिळ्याला अडकवली. कोपऱ्यात जागा करून ट्रंक भिंतीशी सरकवली, तिच्यावर चादर घातली आणि पाणी प्यायला वर बसला.

"राहू दे भरलेली," तो म्हणाला. "भरलेली असली की नाही म्हणायला आवाज नीट लागतो."